कोळंबीच्या टरफलातली साखर

शोधनिबंधासाठी एकच प्रयोग तीन-तीनदा करून बघावा लागतो. किस्सा मात्र एकदा घडला तरी पुरतो, आणि दर वेळी सांगताना तो थोडा सुधारतो! त्यामुळे आमच्या विभागात निबंध तीन आणि किस्से पोतंभर, अशी स्थिती आहे. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये कोणी नवीन आलं, की चहा ओतता ओतता कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते कोळंबीचं सांगा ना."

तर सांगते.

माणसं तीन. पहिली तेजस्विनी मगदूम, माझी पीएचडीची विद्यार्थिनी. शिरोळकडची, जैन घरातली. आम्लेटच्या गाडीवरून जायचं झालं तर श्वास रोखून धरायची. दुसरे गमरेमामा, आमचे लॅब अटेंडंट, मंडणगड तालुक्यातले. माझ्या कितीतरी आधीपासून ते इथे, त्यामुळे विभाग त्यांचा आणि मी पाहुणी. तिसरी सुगंधाकाकी. मिरकरवाड्यात बंदरावर कोळंबी सोलते. जन्म कोळंबीच्या वासात गेला, आणि नाव सुगंधा!

आता विषय. कोळंबीचं, खेकड्याचं कवच कायटिनचं असतं. कायटिन ही एक किचकट साखर. बारीक रेणू एकाला एक जोडून वळलेली चिवट दोरीच म्हणा. ही दोरी तोडणारं एन्झाईम म्हणजे कायटिनेज, आणि ते काही जंतू तयार करतात. बंदरावर टरफलांचे ढीग कुजत पडतात, त्यांचं काही भलं करणारा जंतू शोधावा, असं माझ्या मनात आलं. तेजस्विनीला विषय दिला, तेव्हा ती काय खाते हे मी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नाही. पीएचडी हवी होती पोरीला.

*

टरफलं आणायला ती पहिल्यांदा बंदरावर गेली, ती ओढणी नाकावर तीन पदरी बांधूनच. समोर सुगंधाकाकी पाटावर बसून कोळंबी सोलत होती.

"मावशी, टरफलं मिळतील का?"

"कशाला? माडांना घालतेस?"

"नाही, त्यात साखर असते."

काकीने हातातली कोळंबी खाली ठेवली. "कोणी सांगितलान तुला?"

"पुस्तकात आहे."

"चाळीस वर्षं सोलतंय मी. एक दिवस गोड लागली नाय ती!"

तेजस्विनी प्रामाणिक मुलगी. एक क्रेट उलटा करून त्यावर बसली आणि काकीला सगळं समजावून सांगितलं. साखर काय, साखळी काय, जंतू काय. काकीने ऐकून घेतलं, दोन पिशव्या भरून टरफलं दिली, आणि रिक्षात सांडू नयेत म्हणून वर घट्ट गाठ मारून दिली.

पुढच्या आठवड्यात तेजस्विनी गेली, तर काकीशेजारी एक गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रिपोर्टांची फाईल घेऊन उभे!

"हे माझे दीर," काकी म्हणाली. "ह्यांना डायबिटीस हाय. डॉक्टरान साखर बंद केलान. कोळंबीचं कालवण पण बंद काय, ते विचारायला आलेत."

तेजस्विनीने जन्मात कालवण बघितलेलं नाही. पण विचारलंय म्हटल्यावर उत्तर द्यायला हवं. ती म्हणाली, "काका, साखर फक्त टरफलात आहे. टरफल खाऊ नका. बाकीचं डॉक्टरांना विचारा."

दीर चकित. "टरफल कोण खातो?"

"हिचे जंतू," काकी म्हणाली.

*

टरफलं धुऊन वाळवावी लागतात. लॅबमध्ये जागा नाही, म्हणून आम्ही कॉलेजच्या गच्चीवर ताडपत्री अंथरली. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर मांजरांची जी हजेरी लागली, तशी माझ्या तासाला कधी लागली नाही!

गच्चीच्या बरोबर खाली प्राचार्यांची खोली. प्राचार्य दापोलीजवळच्या मुरुडचे. मासळीशिवाय त्यांचं पान हलत नाही, पण श्रावण कडक पाळतात. त्या श्रावणात एका सोमवारी, चार दिवसांनी, लख्ख ऊन पडलं, आणि गमरेमामांनी घाईघाईने सगळा माल वाळत घातला. दुपारी बारापर्यंत असा वास सुटला, की कोणीतरी सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, भाजतंय असं वाटावं!

शिपाई धावत आला. "मॅडम, सरांनी बोलावलंय."

गेले. सर डोळे मिटून खुर्चीत बसले होते. समोर साबुदाण्याच्या खिचडीची बशी, हातही न लावलेली.

"मॅडम," ते डोळे न उघडता म्हणाले, "मीही माणूसच आहे हो."

संध्याकाळी नोटीस बोर्डावर सूचना लागली, आणि ती आजही आमच्या कपाटात जपून ठेवलेली आहे: 'श्रावण महिन्यात सोमवारी गच्चीवर संशोधन करू नये. — आदेशावरून.'

*

एन्झाईमला मराठीत विकर म्हणतात. कॉलेजच्या विज्ञान मंडळाने तेजस्विनीचं भाषण ठेवलं, आणि फलक रंगवणाऱ्याने विकरला एक काना जास्त दिला. फाटकावर झळकलं: 'कु. तेजस्विनी मगदूम : कायटिनेज विकार'!

आम्ही हसून सोडून दिलं. पण ज्यांच्याकडे ती भाड्याने राहायची, त्या काकू सकाळी फिरून येताना तो फलक वाचून आल्या होत्या. त्या दिवसापासून तिला रोज मऊ भात, वर तूप. कपडे धुवायला लागल्यावर "राहू दे, तू दमू नकोस". तेजस्विनीला वाटलं, कोकणातली माणसं फारच प्रेमळ.

आठवड्याने काकूंनी तिला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. "घरी सांगितलंयस का गं?"

"हो, सांगितलंय की."

"मग काय म्हणाले?"

"खूश आहेत. गावात सगळ्यांना सांगत सुटलेत."

काकू किंचित मागे सरकल्या. मग हळूच म्हणाल्या, "लागण होत नाही ना गं कोणाला? नाही म्हणजे, रविवारी नात यायची आहे."

*

घरी सांगितलं होतं हे खरं. पण काय सांगितलं होतं? "पप्पा, मी साखरेवर पीएचडी करतेय!"

शिरोळ म्हणजे उसाचा पट्टा. वडील स्वतः ऊस लावणारे. त्यांना आनंदाने आकाश ठेंगणं झालं. आणि एक दिवस न कळवता, गुळाची ढेप घेऊन, ते थेट कॉलेजात हजर! शिपायाने सांगितलं, "मॅडम मगदूम गच्चीवर आहेत." ते जिना चढून वर गेले.

वर त्यांची लेक गुलाबी रबरी हातमोजे घालून, बादलीभर कोळंबीची टरफलं चोळून धूत होती. त्यांच्या मागोमाग आलेले मी आणि गमरेमामा दारातच थबकलो.

वडील पुढे झाले आणि बादलीत वाकून बघितलं.

"हीच का साखर?" वडिलांनी विचारलं.

"हो, पप्पा."

"मेलेल्यांचीच न्हवं?"

"बाजारात फेकून दिलेली. मी एकही मारलेली नाही."

"आणि ते जंतू म्हणालीस, त्यांचं काय करतीस?"

तेजस्विनीने मूठभर टरफलं उचलून दाखवली. "त्यांना जेवायला घालते, पप्पा. हेच."

वडिलांनी गुळाची ढेप ताडपत्रीपासून लांब, कठड्यावर ठेवली. डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, "मग बरं. मुक्या जिवाला घालतीस, मग बरं."

आम्ही सगळे खाली लॅबमध्ये आलो. कोपऱ्यात ऑटोक्लेव्ह सुरू होता, म्हणजे मोठा कुकरच तो. जंतू वाढवायच्या, आधीच्या आठवड्यात वापरून झालेल्या काचेच्या बश्या त्यात घातलेल्या. त्यांतले कोट्यवधी जंतू त्या क्षणी वाफेवर मरत होते! वडिलांनी कौतुकाने विचारलं, "ह्यात काय शिजतंय?"

गमरेमामांना मी कधी खोटं बोलताना ऐकलेलं नाही. ते ऑटोक्लेव्हच्या पुढे सरकून उभे राहिले.

"भांडी निर्मळ करतोय साहेब," ते म्हणाले.

*

पण ज्या जंतूला जेवायला घालायचं, तोच सापडत नव्हता. तेजस्विनीने पावसच्या किनाऱ्यावरची वाळू आणली, मुरुडची आणली, कुठकुठल्या खाड्यांचा चिखल आणला. आमची परीक्षा सोपी असते. टरफलांतून काढलेलं पांढरं कायटिन बशीत दुधासारखं थिजवायचं आणि त्यावर माती पेरायची. कायटिन खाणारा जंतू त्यात असेल, तर त्याच्याभोवती पांढरं विरघळून स्वच्छ गोल कडं पडतं. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. गमरेमामा त्याला 'खळं' म्हणायचे, चंद्राला पडतं तसं. सगळा विभाग तेच म्हणायला लागला. रोज सकाळी एकच प्रश्न: "खळं पडलं का?"

नाही पडलं. आठ महिने नाही. तेजस्विनी वाळत चालली. एक दिवस मला म्हणाली, "मॅडम, विषय बदलू या का?"

गमरेमामा बश्या धूत होते. पाठमोरेच तिला म्हणाले, "बाई, रागावू नका. तुम्ही सगळीकडे जिथे समुद्र छान दिसतो, तिथली माती आणलीत. जंतू काय सूर्यास्त बघायला येतो?"

तेजस्विनीने त्यांच्याकडे बघितलं, चप्पल घातली आणि थेट सुगंधाकाकीच्या घरी गेली. काकीच्या सासूच्या काळापासून घरामागे टरफलं टाकायची एक जागा होती. त्या ढिगाच्या तळाची चमचाभर काळी माती तिने आणली. ओढणी नाकाला न लावता!

चौथ्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत शिरतेय, तर गमरेमामा, जे प्राचार्यांसमोरही कधी घाईने चाललेले नाहीत, ते पोर्चच्या पायऱ्या उतरून पळत येत होते.

"मॅडम, पडलं!"

*

आपल्या घरामागचा जंतू कॉलेजात ठेवलाय म्हटल्यावर काकीला तो बघायचा होता. ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून ती लॅबमध्ये आली. हातात डबा. "रिकाम्या हाती कसं यायचं?" उघडला, तर कोलीम! बारीक जवळा तो, सबंध, टरफलासकट. "त्यांना सोलायला नको," ती म्हणाली.

तेजस्विनीने जंतू जांभळ्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली लावले. काकीने एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग गमरेमामांनी तिला कोणता उघडा ठेवायचा ते दाखवलं.

"दिसले गो!" ती ओरडली. आणि मग नुसती च् च् करायला लागली.

"काय झालं, काकी?"

"एवढी वर्षं माझ्याकडे जेवतायत," काकी डोळा न काढता म्हणाली, "आणि हे असे काटक्या?"

*

मग ते वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, आणि पाच दिवस वीज नव्हती. फ्रीजमधला बर्फ वितळला, पाणी नळ्यांच्या कापसाच्या बोळ्यांतून आत गेलं, आणि आमच्या जंतूच्या प्रत्येक नळीत काळी-हिरवी बुरशी. तेजस्विनीने त्यातून आपला जंतू पुन्हा वेगळा करायचा दहा दिवस प्रयत्न केला. जे वाढायचं, त्याला खळं पडत नव्हतं. काकीकडे धावली, तर घरामागचा ढीग जाऊन तिथे नवी काँक्रीटची वाट झालेली. अडीच वर्षांचं काम होतं हो. ती लॅबच्या स्टुलावर बसून राहायची, आणि मी तिच्यासमोर चहा ठेवून यायचे.

गमरेमामा ह्या सगळ्यात नव्हते. वादळात त्यांच्या गावच्या घराचे पत्रे उडाले होते, म्हणून ते मंडणगडला. फोनही लागत नव्हता. सोळाव्या दिवशी आले, हातांना पत्र्याचे ओरखडे. फ्रीज बघितला, तेजस्विनीला बघितलं, आणि आपलं कपाट उघडलं. चहापत्ती, डस्टर, जुने सुट्टीचे अर्ज, आणि त्यांच्यामागे एक छोटी काचेची नळी. आत लाल माती.

"माझ्या गावची," ते म्हणाले. "तीनदा वाफवून, सुकवून घेतली. त्यात जंतू मुरवून ठेवला. आमचे जुने सर असंच ठेवायचे."

नळीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'काकीकडचा'.

तेजस्विनीने त्यातली चिमूटभर बशीवर टाकली. चार दिवस विभागात कोणी मोठ्याने बोललं नाही. चौथ्या दिवशी खळं पडलं, आधीच्याइतकंच रुंद. तेजस्विनी रडत रडत म्हणाली, "मामा, पण फ्रीज असताना तुम्हाला हे सुचलं कसं?"

"फ्रीज विजेवर चालतो बाई," मामा म्हणाले. "माती कशावर चालते?"

*

शेवटची तोंडी परीक्षा जाहीर असते, कोणीही येऊन बसू शकतं. पहिल्या रांगेत शिरोळचे वडील, त्यांच्या शेजारी सुगंधाकाकी, मग घरमालकीण काकू. परीक्षक पुण्याहून आलेले, फार कडक. तासभर त्यांनी तेजस्विनीला उभं पिळून काढलं. ती कुठे अडली नाही. शेवटी रिवाजाप्रमाणे ते म्हणाले, "श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय?"

कोणी विचारत नसतं. पण काकीचा हात वर गेला.

"हा जंतू टरफल खातो," ती उभी राहून, हातात आलेल्या माईकवर म्हणाली. "म्हणजे उद्या मशीनमध्ये हा घातलान, की कोळंबी आपोआप सोलून निघणार काय? आमच्या बंदरावर दीडशे बाया सोलायला बसतात. त्यांनी काय करायचं?"

तेजस्विनीने परीक्षकांकडे पाठ केली आणि काकीकडे वळून सांगितलं, "नाही काकी. ह्याला फार दिवस लागतात. तोवर कोळंबी कुजेल. हा फक्त फेकलेलं खातो. सोलायला तुम्हीच लागणार."

"नक्की?"

"नक्की. मी करून बघितलंय."

काकीने सुटकेचा श्वास टाकला. खाली बसता बसता शेजारच्या शिरोळच्या वडिलांना म्हणाली, पण माईकवर सगळ्यांना ऐकू गेलं, "मग एवढा खटाटोप कशाला केलान हो हिनं?"

परीक्षक एवढे हसले, की त्यांना चष्मा काढावा लागला. "माझा पुढचा प्रश्न हाच होता," ते म्हणाले. "पण आता राहू दे."

*

ह्या परीक्षेला कोण हजर होतं, त्याचा कागद विद्यापीठात पाठवावा लागतो. सगळ्यांनी सह्या केल्या. काकीने अंगठा दिला.

पंधरा दिवसांनी कागद परत आला. काकीच्या अंगठ्याभोवती लाल पेन्सिलीने गोल, आणि शेरा: 'ठसा अस्पष्ट. पुन्हा घ्यावा.' आम्ही नीट बघितलं. शाई भरपूर होती. पण तो एक गुळगुळीत निळा लंबगोल होता, आत एकही रेघ नाही.

मी आणि तेजस्विनी कागद आणि शाईचा पॅड घेऊन बंदरावर गेलो. काकी बर्फातली कोळंबी सोलत होती. तेजस्विनी नुसतीच म्हणाली, "काकी, अंगठा परत हवाय."

"नाय उमटला ना?" काकी म्हणाली. "रेशनच्या दुकानात पण तसंच. ते मशीन मला ओळखतच नाय."

तिने हात पाण्यात बुडवले, लुगड्याला पुसले. चाळीस वर्षं सोललेले ते हात पांढरे, ओले, टोकांना पार घासलेले. तिने पॅड मांडीवर घेतला. आधी अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मग दुसरा अंगठा. मग एकेक करून बाकीची बोटं, डाव्या हाताची, उजव्या हाताची, ओळीने, घाई न करता. दहाही ठसे सारखेच आले.

काकीने कागदावर फुंकर घातली, शाई वाळली की नाही ते बघितलं, आणि तो तेजस्विनीच्या हातात दिला.

"ह्यातला कुठचा बरा वाटतो तो ठेव म्हणावं," ती म्हणाली. "बाकीचे परत पाठव."